गाडी आपोआप रेस घेते

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला. लासलगावला कांदा भरायचा आणि तो नासायच्या आत बंगालपर्यंत पोचवायचा, हे त्यांचं काम. एवढ्या वर्षांत आपल्या गाडीनं कुणाला साधं खरचटलंही नाही, हे ते नवीन ओळख झाली की दुसऱ्याच वाक्यात सांगतात. पहिल्या वाक्यात समोरच्याला 'गाडी कोणती तुमची?' असं विचारून घेतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

ट्रक विकल्यावर अण्णा आणि आई नाशिकला आमच्याकडे राहायला आले. येताना कपड्यांच्या दोन बॅगा, पाटा-वरवंटा आणि एक जुनी पांढरी पेट्रोल कार घेऊन आले. तिच्या काचा हातानं फिरवून खाली घ्याव्या लागतात, हॉर्न मात्र ट्रकचा आहे. रोज सकाळी अण्णा ती घेऊन द्वारकेला, म्हणजे नाशिकच्याच द्वारका चौकात, जायचे. तिथे एका चहाच्या टपरीवर त्यांचे जुने ड्रायव्हर मित्र जमतात. कुणी कोणता घाट कसा चढवला यावर तासभर गप्पा व्हायच्या आणि अण्णा खुशीत घरी यायचे. त्यांच्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट त्यांची स्वतःची होती, बाकी सगळा दिवस आमच्या घराच्या वेळापत्रकावर चालायचा. हे मला तेव्हा कळत होतं असं मी म्हणणार नाही.

भानगड सुरू झाली घटस्थापनेनंतर. अण्णा एके दिवशी द्वारकेहून आले ते घामाघूम होऊन.

"गाडी आपोआप रेस घेती," म्हणाले. "पाय काढला तरी रेस खाली बसत नाय. सिग्नलला हुबी, अन् आपली बोंबलती."

"असं कसं आपोआप?" मी म्हणाले. मी शाळेत गणित शिकवते. 'आपोआप' हा शब्द माझ्या वर्गात चालत नाही.

माझा नवरा लगेच किल्ली घेऊन खाली गेला. सोसायटीला तीन चकरा मारून वर आला आणि म्हणाला, गाडी एकदम गरीब आहे, तोंडातून शब्द काढत नाही. मग त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघायला घेतले. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना एक अनोळखी माणूस हिंदीतून इंजिन उघडून दाखवायचा. व्हिडिओंतून असा निष्कर्ष निघाला की पायाखालचं रबरी मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटरवर चढत असणार. मॅट काढलं. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बोंबलली.

मग मी डोकं लावलं. माझा संशय अण्णांच्या चपलांवर होता. त्या इतक्या जाड आणि रुंद होत्या की एका चपलेत दोन पेडल आरामात बसली असती. मी त्यांना पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले. लेंगा, सदरा, टोपी आणि खाली पांढरे बूट अशा वेशात अण्णा द्वारकेला गेले. मित्रांनी त्या दिवशी घाटाचं नाव काढलं नाही, फक्त बुटांवर बोलले. येताना गाडी पुन्हा बोंबलली.

मी एका वहीत तक्ता आखला. तारीख, वेळ, कोण चालवत होतं, पायात काय होतं, रेस झाली की नाही. आठवडाभरात तक्ता स्वच्छ बोलायला लागला. नवरा चालवतो तेव्हा नाही. मी चालवते तेव्हा नाही. अण्णा चालवतात तेव्हा दर एक-दोन दिवसांनी. तक्त्याकडे बघून मला आनंद झाला, कारण उत्तर आलं होतं. मग ते उत्तर काय आहे हे लक्षात आलं आणि मी वही मिटून ठेवली.

कोजागिरीच्या दिवशी मात्र वही उघडावीच लागली. सोसायटीच्या दुधाच्या कार्यक्रमासाठी भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या दुपारीच आल्या होत्या आणि पार्किंगमध्ये एकावर एक रचून ठेवल्या होत्या. अण्णा आईला घेऊन बाजारात निघाले. गाडी सुरू झाली, हळूच पुढं सरकली, आणि अचानक किंचाळून थेट खुर्च्यांत घुसली. आमच्या वॉचमनला मी आजवर बसल्या जागेवरून हलताना पाहिलं नव्हतं. तो एका उडीत कंपाउंडच्या भिंतीवर होता. मी गॅलरीत धावले तेव्हा बॉनेटवर एक खुर्ची अगदी नीट, चारही पायांवर उभी होती. आत अण्णा स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते आणि आई मांडीवरच्या पिशव्यांच्या घड्या घालत होती.

कुणाला काही झालं नाही. काही खुर्च्या मोडल्या, त्या आम्ही भरून दिल्या. पण तिथं खुर्च्यांच्या जागी पोरं खेळत असती तर, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी घाबरले की मला राग येतो, आणि राग आला की मी घाबरलेय हे मलाच कळत नाही. मी खाली गेले, अण्णांच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि साबुदाण्याच्या डब्यात खोल पुरून ठेवली.

"यांचा पाय बिरेकवर व्हता," आई म्हणाली.

"तू बघत होतीस का खाली?"

"नाय. पर मला माहिती हाय."

माहिती आहे म्हणे. असल्या साक्षीवर मी पोरांना वर्गात एक मार्कसुद्धा देत नाही.

तरी न्याय व्हावा म्हणून नवऱ्यानं गाडी द्वारकेजवळच्या एका उस्तादांकडे नेली. हे उस्ताद कानानं गाडी तपासतात. डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकतात आणि मग एकच बोट दाखवतात. त्यांनी इंजिनात हवा जाते ती जागा उघडून साफ केली, भरपूर काजळी निघाली, आणि गाडी परत दिली. ती छान चालली. मी मोठ्या मनानं डब्यातून किल्ली काढली, साबुदाणा झटकला आणि अण्णांना दिली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी द्वारकेच्या सिग्नलला गाडीनं असा काही आवाज काढला की ट्रॅफिक हवालदारानं वाटच मोकळी करून दिली. किल्ली परत साबुदाण्यात गेली.

उस्तादांनी दुसऱ्यांदा गाडी घेतली. एक रबरी नळी बदलली, कुठलासा व्हॉल्व्ह धुतला. या वेळी मी किल्ली अण्णांना न देता स्वतः आठ दिवस गाडी शाळेत नेली. आठही दिवस एक चूं नाही. नवव्या दिवशी जेवताना मी तक्ता अण्णांसमोर ठेवला आणि म्हणाले, "अण्णा, गाडीत काही नाही. तुमच्या पायाला आता कळत नाही तो कुठं आहे ते."

नवऱ्यानं व्हिडिओ बंद केला. अण्णांनी तक्ता वरून खालपर्यंत वाचला, भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला आणि उठून हात धुतले. मला वाटलं आता भांडतील. भांडले नाहीत. मी सुटकेचा श्वास टाकला, हे लिहायलाही लाज वाटते.

त्यानंतर अण्णा द्वारकेला रिक्षानं जायला लागले. एकदा शाळेत जाताना मी त्यांना स्कूटरवरून पाहिलं. टपरीच्या बऱ्याच अलीकडे ते रिक्षातून उतरले, टोपी सारखी केली, आणि खिशातून आमच्या फ्लॅटच्या लॅचची किल्ली काढून ती बोटावर फिरवत, आत्ताच कुठं गाडी लावून आल्यासारखे टपरीकडे चालत गेले. मी स्कूटर थांबवली नाही. त्या दिवशी वर्गात मात्र मी विनाकारण सगळ्यांवर ओरडले.

चार दिवसांनी अण्णाच माझ्याशी बोलायला आले. पायात तेच पांढरे बूट होते. ते त्यांना आवडत नव्हते, पण मी आणून दिले म्हणून घालत होते.

"एकदा मला गॅरेजला घेऊन चल," म्हणाले. "तुझ्या डोळ्यांसमोर बघू. गाडीची खोड निघाली तर किल्ली माझी. नाय निघाली तर इकून टाक गाडी. मी परत ष्टिअरिंगला हात लावणार नाय."

मी हो म्हणाले. गाडी घ्यायला नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण तयारच होता. एवढी माझी खात्री होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघं गॅरेजला गेलो. गाडी मीच चालवत नेली. उस्ताद आम्हाला बघून कसनुसे झाले. तीच गाडी तिसऱ्यांदा दारात येणं ही त्यांच्या कानाची बेअब्रू होती. त्यांनी पुन्हा सगळं उघडलं, पुसलं, फुंकलं, बसवलं. मी स्टुलावर बसून एकेक हालचाल बघत होते, परीक्षेला सुपरव्हिजन करतात तशी. काम झाल्यावर उस्ताद नळावर गेले. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ पंच्याला पुसले. मग वरच्या फळीवरून घडी केलेला एक पांढरा रुमाल काढला, तो अलगद उघडला, आणि त्यातून एक लाल-पिवळा धागा घेऊन बॉनेटमध्ये वाकले.

"काय बांधताय ते?" मी विचारलं.

"माताजींचा धागा, मॅडम. गडावरचा दिसतो, वणीचा." उस्ताद अभिमानानं म्हणाले. "पहिल्या टाइमलाच बघितला मी. काम करायच्या आधी सोडतो, रुमालात ठेवतो, जमिनीला टेकू देत नाही. काम झालं की हात धुऊन जिथला तिथं. गाठपण तशीच मारतो, जशी होती."

"जिथला तिथं म्हणजे कुठं?"

त्यांनी दाखवलं. अ‍ॅक्सिलरेटरची केबल इंजिनाला जिथं येऊन मिळते तिथं चाकासारखी एक छोटी पट्टी असते. पाय दाबला की ती फिरते, पाय उचलला की स्प्रिंगनं मागं येऊन एका स्क्रूला टेकते. त्या पट्टीभोवती पाच वेढे होते आणि वर सुपारीएवढी गाठ. घरचं कुणीतरी बांधलंय म्हणजे जागा बघूनच बांधलं असणार, ती बदलायचा आपल्याला काय हक्क, असं उस्तादांचं म्हणणं होतं. मलाही त्यात काही गैर दिसलं नाही. खोटं कशाला बोलू.

"बसा अण्णा, मारा सेल," उस्ताद म्हणाले.

अण्णा बसले, गाडी सुरू केली. इंजिन शांत. उस्तादांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पाण्यासारखी!" मी पर्समधला मोबाइल काढायला हात घातला. गाडी घेणाऱ्याला फोन करायचा होता.

तेवढ्यात अण्णांनी ती गोष्ट केली जी ते कुठलीही गाडी हलवायच्या आधी करतात. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत तीनदा दाबला. ट्रकची सवय. इंजिनाला जागं केल्याशिवाय कामाला लावू नये, असं त्यांचं मत आहे. मी कधी असं करत नाही. नवरा तर अ‍ॅक्सिलरेटरला गुदगुल्या केल्यासारखा पाय लावतो. अण्णांनी तिसऱ्यांदा पाय दाबून सोडला आणि गाडी किंचाळली.

"अण्णा, पाय काढा!" मी महिनाभराच्या सरावानं ओरडले.

अण्णांनी दार उघडलं. तिथंच बसून गर्रकन वळले आणि दोन्ही पाय बाहेर काढून हवेत धरले. पांढरे बूट जमिनीपासून दोन फूट वर, लेंगा गुडघ्यापर्यंत सरकलेला, आणि गाडी तशीच ठणाणा करतेय.

"मोज!" अण्णा ओरडले. "एक अन् हा दोन! कुठं हाय माझा पाय? सांग, कुठं हाय?"

आवाजानं टपरीवरचे मित्र धावत आले. रस्त्यावरच्या दोन रिक्षा थांबल्या. सगळ्या लोकांदेखत अण्णा पाय वर धरून बसले होते आणि खाली घ्यायला तयार नव्हते. "आता तरी घ्या खाली," मी म्हणाले. "नाय," म्हणाले, "आधी तुझ्या वहीत लिव्ह."

उस्ताद बॉनेटमध्ये वाकले होते. पट्टी मागं येताना स्क्रूला टेकतच नव्हती, मध्ये ती गाठ जाऊन बसली होती. त्यांनी बोटानं गाठ बाजूला केली. इंजिन गप्प. पट्टी हातानं पूर्ण फिरवून सोडली. एकदा काही झालं नाही, दुसऱ्यांदा गाठ आत गेली आणि गाडी बोंबलली. त्यांनी गाठ परत काढली आणि शेजारच्या टायरवर मटकन बसले.

"तीन टाइम, मॅडम," म्हणाले. "तीन टाइम मी सोडला, तीन टाइम गाडी ठीक झाली. आणि तीन टाइम मीच, हात धुऊन..."

माझ्या तक्त्यातली एकही नोंद चूक नव्हती. फक्त निष्कर्ष चूक होता, आणि तोच तेवढा मी मोठ्यानं वाचून दाखवला होता.

मी आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिला म्हणाले, "आई, गाडीला धागा तू बांधलास का?"

"घटस्थापनेच्या पूजेला. मग, दुसरं कोण बांधणार? आरशाला बांधते म्हणलं तर तुझे वडील म्हणले, नजरेत येतो. ष्टिअरिंगला म्हणलं तर हाताला लागतो. इंजिनाला बांध म्हणले. आत बघितलं तर समदं लोखंड गप पडल्यालं. हे बसून गाडी घुर्र घुर्र करत व्हते, तवा तेवढं एकच हलत व्हतं. मला वाटलं, हिचा जीव तिथंच असल."

उस्तादांनी टायरवरूनच मान हलवली. "जगा तर बराबर पकडली तुमच्या आईंनी," ते म्हणाले.

"अगं, त्या धाग्यामुळं गाडी रेस होत होती!"

"देवीच्या धाग्यानं वाईट व्हत नसतं," आई म्हणाली. "एवढ्या खुर्च्या मोडल्या. माणूस एक तरी मोडला का?"

उस्तादांनी धागा सोडून रुमालात गुंडाळला, दोन्ही हातांनी अण्णांच्या हातात दिला आणि या वेळी परत बांधायचं नाव काढलं नाही. मित्रांनी अण्णांना टपरीवर नेऊन चहा पाजला. पाय वर धरल्याची नक्कल एका मित्रानं लगेच बाकावर बसून करून दाखवली, आणि अण्णांनी ती त्याच्याकडून पुन्हा एकदा करून घेतली.

परत निघताना मी न सांगता शेजारच्या सीटवर जाऊन बसले. अण्णांनी गाडी सुरू केली, तीनदा पाय दाबला, मी तीनदा दचकले, काही झालं नाही. द्वारकेच्या सिग्नलला थांबलो तेव्हा इंजिन चालू आहे की बंद हे कान देऊन ऐकावं लागत होतं. मला वाटत होतं, आता ते मला चांगलं सुनावतील. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी मीच म्हणाले, "अण्णा, चुकलं माझं. तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होता."

"सांगत व्हतो," अण्णा समोर बघत म्हणाले. "पर मग मलाबी वाटाया लागलं, पायच असल."

"का?"

"तू म्हणली ना. पायाला कळत नाय म्हणून." त्यांनी आरसा नीट केला. "तू शाळेत गेली का तुझ्या आईला खाली बसवायचो. तिचा तळवा फरशीवर, त्यावर माझा पाय. म्हणायचो, आता मी पाय सैल सोडलाय, सांग, दाबतोय का? ती म्हणायची, नाय दाबत. म्हणायचो, नीट बघ. रोज तेच. मला वाटायचं, ती बायको हाय, मन राखाया बोलती. तू शिकल्याली. तू म्हणती म्हंजी तसंच असल."

माझ्या घरात, मी वर्गात फळ्यासमोर उभी असताना, माझी आई फरशीवर बसून त्यांच्या पायाखाली हात देत होती, आणि मला दोघांनीही पत्ता लागू दिला नव्हता.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या रिक्षांनी हॉर्न सुरू केले. अण्णांनी पहिला गिअर टाकला, क्लचवर पाय तसाच ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सोडू?"

गाडी चालवताना त्यांनी कधी कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"सोडा, अण्णा," मी म्हणाले.